दामले काकांची मुंगी

संध्याकाळी शेजारून "अगं ठमे, परत भिंतीत?" अशी आरोळी आली की कुळगावात नवा आलेला माणूस दचकायचा. दामले काका तर एकटे राहायचे. ठमी म्हणजे त्यांच्या कॉम्प्युटरवरचा एक ठिपका.

काका अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. उल्हासनगरहून जुना कॉम्प्युटर आणला आणि त्यात ही मुंगी सोडली. वाकड्यातिकड्या वाटा, कुठेतरी साखर. सापडली तर मार्क, भिंतीला धडकली तर मार्क कट. आपली आपण शिकेल म्हणे! शिकते कसली, दिवसभर एकाच कोपऱ्यात घिरट्या. शेवटी काकांनी तिला कानमंत्र दिला, साखर उजवीकडे असावी.

"असावी हं, सुमन!" ते मला बजावायचे. "आहे असं नाही. कोरी सोडली तर फिरून मरेल, आणि सगळंच सांगितलं तर शिकणार काय, कप्पाळ?"

ठमी साखरेपाशी पोचायला लागली तेव्हा काकांनी आळीभर पेढे वाटले. मी हसून बेजार.

त्याच वर्षी आईला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. आईने तो भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. जेवायचंही सोडलं. ही आता उठत नाही, असंच मला वाटायला लागलं.

एका सकाळी काका पातेलं घेऊन हजर. कोमट पाण्यात मोड आलेले वाल. "वहिनी, बिरडं खावंसं वाटतंय. सोलून द्या."

"काका, तिला चमचा धरवत नाही!" मी चिडलेच.

"हात कोरा नाहीये गं तिचा. जन्मभर वाल सोललेत त्याने. आठवत असावं. असावं!"

पहिला वाल उडून काकांच्या चहात पडला. "परत भिंतीत, वहिनी!" काका ओरडले आणि आई चक्क हसली. मग केव्हातरी एक दाणा सालीतून अलगद निसटला. "मार्क!"

त्यानंतर काका रोज वाल आणायचे. बिरडं खाऊन आम्ही कंटाळलो, पण दिवाळीला आईने स्वतःची वेणी स्वतः घातली. त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू?

भाऊबीजेला आईने स्वतः बिरडं रांधून काकांना जेवायला बोलावलं. पहिल्याच घासाला ते थांबले.

"हिलाही असाच झटका आला होता," ते म्हणाले. हिला म्हणजे काकूंना, आम्ही इथे राहायला येण्याआधीच त्या गेल्या होत्या. "मी रोज चेंडूच दाबायला लावला. बिरडं काय करायची ती! आणि मला वाल सुचलेच नाहीत."

आईने उजव्या हाताने डाव उचलला आणि त्यांच्या पानात आणखी बिरडं वाढलं.

"जेवा भावोजी. उद्या वाल मी भिजवते, तुम्ही नुसते सोलायला या."