एक कुरडई, तीन टावर

आमचे बंकट अण्णा कुणाला राम राम घालत न्हाईत. माणूस समोर आला की इचारतात, "किती काड्या?" म्हंजी मोबाईलला रेंज किती. एका मयतीला गेलते, तर तिथंबी रडणाऱ्या पोराला गळ्याशी धरून हेच इचारलं.

धारूरच्या घाटाखाली आमचं गाव. पारावर दोन काड्या येतात, बाकी गावात शून्य. अण्णा आमचे शेजारी. धंदा विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीत नवी तार भरायचा. औंदा विहिरीच आटल्या, मोटारी जळत्याल कशाला? घरात तांब्याची तार पडून होती. अण्णांनी तिचा अँटिना करायला घेतला.

"लांब तार एका टावरची, आखूड दुसऱ्याची, मधली तिसऱ्याची." तिन्ही कुरडईगत दुमडून दुमडून एकाच पत्र्यावर बसवायच्या. मी हाटेलात त्यांची नक्कल करायचो. नाक वर, डोळे बारीक, "एक कुरडई, तीन टावर." लोक चहा पाजायचे. एकदा अण्णाच मागं उभे. म्हणले, "नाक अजून वर घे बे."

हट्ट एकच, अँटिना डब्याच्या झाकणापेक्षा मोठा नको. पाच-सहा तर मोडून टाकले.

"कावून एवढा बारीक, अण्णा? मोठा करा, माळवदावर बांधू."

"सरूच्या पेटीत बसाया पायजे."

सरू त्यांची लेक, गावातच दिलेली. सरूची आई वारल्यापास्नं रोज सांजंला येऊन अण्णासंग बोलणारी तीच. औंदा ऊसच न्हाई, सहकारी कारखाना बंद. म्हणून ती अन जावई लांबच्या कारखान्याला तोडीला निघालते. तिकडं उसाचा फड बदलला की टावर बदलतो, फोन मुका होतो.

दिवाळी झाली. पेटीत पीठ, भांडी अन वर ती कुरडई ठेवून सरू गेली. पंधरा दिवस फोन न्हाई. अण्णा पारावर बसून. कुणाला काड्या इचारंनात.

मग एका सांजंला फोन वाजला. मी बाजूलाच होतो. सरूचा आवाज एवढा खणखणीत, की पाराखालच्या शेळ्यांनी माना वर केल्या.

"अण्णा, कुरडईला टेकवलाय फोन. यायलाय का आवाज?"

"नीट न्हाई यायला," अण्णा म्हणले. "जरा डावीकडं फिरव. अन बोलत ऱ्हा."

"आता?"

"न्हाई. काय जेवलीस ते सांग, म्हंजी कळंल."

सरू सांगाय लागली. भाकर, पिठलं, शेजारच्या पाचटाच्या कोपीतल्या बाईनं दिलेला ठेचा. एकूण एक शब्द मला ऐकू येत होता. अण्णांनी डोळे मिटून घेतले.

"आता यायलाय का, अण्णा?"

"न्हाई बाई," अण्णा म्हणले. "अजून जरा फिरव."