नावेतली घरची माणसं

नव्या इंजिनाने खाडीच्या अगदी मध्यावर मान टाकली, तेव्हा नावाड्याने आधी त्याला थोपटलं, मग शिव्या घातल्या आणि शेवटी नेहमीप्रमाणे वल्ही काढली. 'नेहमीप्रमाणे' म्हणायची वेळ इतक्या लवकर आली, हेच त्याचं दुखणं होतं. घराचं गळकं छप्पर पुढच्या वर्षावर ढकलून त्याने हे इंजिन घेतलं होतं. दुकानदाराने पाठीवर हात ठेवून सांगितलं होतं, की दिवसभर माणसं वाहा, इंजिन हूं की चूं करणार नाही. ते अगदी खरं निघालं. इंजिन तापलं की हूं की चूं न करता बंद पडायचं.

नावेतल्या माणसांचा धीर सुटत चालला होता. शाळेच्या बाईंना रोज बोलणी खावी लागत होती, पोस्टमनचं टपाल उशिरा पोचत होतं आणि न्हाव्याची गिऱ्हाइकं दुसऱ्या न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसत होती. त्यात नावाड्याच्या चुलत भावाने आपली मोठी नाव धक्क्याला आणून बांधली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघून तो उगाच गोड हसत होता. या आठवड्यात इंजिन सुधारलं नाही तर आम्ही तिकडे बसू, असं बाईंनी सगळ्यांच्या वतीने सांगून टाकलं. त्यांचाही नाइलाज होता. पण नाव रिकामी राहिली की घरची चूल थंड पडणार, हे नावाड्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो दुकानात गेला. या वेळी पाठीवर हात पडला नाही. दुकानदाराने वॉरंटीच्या कागदावरची मुंगीएवढी अक्षरं दाखवली. इंजिन घरगुती वापरासाठी होतं. भाड्याने माणसं नेली की वॉरंटी संपली. तरी कंपनीचा तपासनीस येऊन पाहील, म्हणाला.

"अहो, पण दिवसभर माणसं वाहा असं तुम्हीच म्हणालात ना?"

"वाहा म्हणालो. भाडं घ्या कुठे म्हणालो?"

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. रिकाम्या नावेत इंजिन शहाण्यासारखं चालायचं, रुसायचं ते भरल्या नावेत. त्यामुळे तपासनिसापुढे नाव भरलेलीच हवी होती. "भाड्याची माणसं नकोत, एवढंच ना?" ती म्हणाली. "मग घरची बसतील."

दुसऱ्या दिवशी तिने धक्क्यावर उभं राहून नाती वाटली. शाळेच्या बाई तिची धाकटी बहीण झाल्या, न्हावी नावाड्याचा आतेभाऊ झाला. पोस्टमनला साडू करायचं ठरत होतं, पण मग तो आपला नवरा होतो हे बाईंच्या लगेच लक्षात आलं आणि त्यांनी त्याला घाईघाईने भाऊ करून घेतलं. कोपऱ्यात बसणाऱ्या म्हाताऱ्याला काही सांगावंच लागलं नाही. त्याला सगळे आधीपासून आजोबाच म्हणत.

तपासनीस इस्त्रीच्या कपड्यांत आला आणि मांडीवर बॅग घेऊन इंजिनाशेजारी बसला.

"एवढी सगळी घरची?"

"एकत्र कुटुंब आहे," बायको म्हणाली.

"आणि निघालात कुठे?"

शाळेत, पोस्टात, दुकानात, अशी उत्तरं एकदम आली. "सहलीला निघालोय," बायकोने सावरून घेतलं. "जाता जाता ज्याचं त्याचं काम उरकतात."

इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं आणि असं गोड चालू लागलं, की नावाड्याला घाम फुटला. मध्य मागे पडला. पलीकडची झाडं दिसू लागली. नाव अशीच पोचली तर तपासनीस 'दोष नाही' म्हणून मोकळा होणार आणि उद्या ही सगळी माणसं चुलत भावाच्या नावेत बसणार. इंजिन बंद पडावं म्हणून तो मनातल्या मनात विनवण्या करू लागला.

अशातच न्हाव्याचा हात सवयीने खिशात गेला, आणि त्याने भाड्याचं नाणं काढून पुढे केलं. तपासनीस नाण्याकडे बघत होता. बायकोने ते अलगद उचललं.

"भावोजी, मुलांच्या खाऊला दर वेळी कशाला हो देता?"

"मुलं किती तुम्हाला?" तपासनिसाने विचारलं.

"दोन," बायको म्हणाली आणि त्याच वेळी नावाडी म्हणाला, "अजून व्हायचीत."

पुढे काय झालं असतं कोण जाणे, पण इंजिन थांबलं. नावेतल्या सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. हा आनंद कशाचा, ते तपासनिसाला कळेना. त्याने झाकण उघडलं, बराच वेळ आत डोकं घातलं, मग हात पुसत म्हणाला, "दोष आहे. घरगुती वापरही मान्य."

नावाडी त्याचे पाय धरायलाच वाकला होता.

"पण हे इंजिन सहा माणसांपुरतं आहे. तुम्ही चौदा आहात. जादा भाराने बिघडलेलं वॉरंटीत बसत नाही."

"आणि ही घरची नसती तर?" नावाड्याने विचारलं.

"तर भाड्याची झाली असती. तेही बसत नाही."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि नाव मध्येच. तीही आता जागेवर नव्हती. ओहोटी लागली होती आणि नाव हळूहळू समुद्राकडे सरकत होती. नावाड्याने वल्ह्याला हात घातला. बायकोने तो हात धरला.

"सहाच माणसांची ना, साहेब?" ती शांतपणे म्हणाली. "मग जादाची उतरवायला हवीत. आमची तर सगळी घरची. घरच्या माणसाला पाण्यात कसं उतरवायचं?"

चौदा जण एकाच माणसाकडे बघू लागले. बाई तर गृहपाठ न केलेल्या मुलाकडे बघावं तशा बघत होत्या. तपासनिसाने पाणी पाहिलं, आपले बूट पाहिले, लांब जाणारा किनारा पाहिला.

"तसं पाहिलं तर," तो घसा साफ करत म्हणाला, "माझं आजोळ इकडचंच आहे."

"म्हणजे आमचा भाचाच की," कोपऱ्यातून आजोबा म्हणाले. "मग भाच्याने मामाच्या इंजिनाचं बघायला नको?"

भाच्याने बघितलं. इंजिन मुळातच सदोष होतं असं त्याने कंपनीला कळवलं. थोड्याच दिवसांत नवं इंजिन आलं आणि चुलत भाऊ आपली नाव सोडून दुसऱ्या धक्क्याला गेला. पहिल्या फेरीला नाव गच्च भरली. इंजिनाने मध्य ओलांडला, किनारा गाठला, तरी ते कुरकुरलं नाही. नावाड्याचे डोळे भरून आले.

"येते हं, भावोजी," म्हणत बाई उतरल्या. "संध्याकाळी भेटू, दाजी," म्हणत पोस्टमन उतरला. न्हाव्याचा हात खिशात गेला, पण त्याला काहीतरी आठवलं आणि हात तसाच बाहेर आला. नाव रिकामी झाली. भाडं कोणीच दिलं नव्हतं.

आठवडाभर हेच चाललं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, घरच्यांकडे कसं मागणार, उद्या त्यातल्याच कोणी जाऊन कंपनीला सांगितलं म्हणजे? नावाड्याने गळक्या छपराकडे पाहिलं.

रविवारी सकाळी तो धक्क्यावर डोक्याला हात लावून बसला होता. तेवढ्यात तपासनीस आला. सोबत त्याची बायको, मुलं आणि सासूबाई होत्या, शिवाय फिरायला जाण्याचं सगळं सामान होतं. तो थेट नावेत चढला आणि त्याने सगळ्यांना हात देऊन आत घेतलं.

"मामा, काही काळजी करू नका," तो म्हणाला. "मोजून सहाच आहोत."