नात्याचं भाडं

अनुसाक्काला रुखवताचा दर विचारला, की ती आधी आपल्यालाच विचारते, "नाव कुनाचं लावनार?"

रुखवत करून द्यायचा तिचा धंदा आहे. लग्नात मुलीकडचे लोक टेबलावर मांडतात ना, सुपारीचे गणपती, खोबऱ्याच्या वाटीत कोरलेली देवळं, गव्हल्या-मालत्यांची ताटं, ते सगळं ती ऑर्डर घेऊन करते. आता रुखवताची गंमत अशी, की ते विकत आणलं असलं तरी तसं कबूल करायचं नसतं. पुढे पाटी लावायची असते, 'वधूच्या आईने स्वहस्ते केले'. नाहीतर मावशीने, नाहीतर आत्याने. म्हणजे डोकं अनुसाक्काचं, हात अनुसाक्काचे आणि पाटी भलत्याच बाईची. तीस वर्षं मिरजेत बसून तिनं सांगली-साताऱ्यातल्या किती मुलींची रुखवतं केली असतील देव जाणे, पण तिचं नाव एकाही टेबलावर लागलं नाही. मला याचा संताप येतो. तिला येत नाही, कारण तिनं त्याचा दर ठरवून टाकलाय.

त्या दराला ती 'नात्याचं भाडं' म्हणते. आत्याच्या नावाला पाचशे, मावशीच्या हजार, आईच्या दोन हजार, आणि 'वधूने स्वतः केले' अशी पाटी हवी असेल तर तीन हजार. हे वस्तूंचे पैसे सोडून.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ती हसली नाही. तिनं मला शांतपणे हिशेब समजावला. आत्याला कुणी काही विचारत नाही, आत्या मानपानात गुंतलेली असते, म्हणून ती स्वस्त. आईला मात्र विहीणबाई गाठतातच. हे कसं केलं, किती दिवस लागले, दालचिनी कशानं चिकटवली. म्हणून आईच्या दरात अर्ध्या तासाची शिकवणी धरलेली असते. आईला समोर बसवून अनुसाक्का विहीणबाई होते आणि एकेक प्रश्न टाकते. आई अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. निघताना तिच्या बोटाला एक चिकटपट्टी लावून देते, सुई टोचल्याची खूण म्हणून. चिकटपट्टीचे पैसे घेत नाही.

"आणि मुलीचे तीन हजार कशाचे?" मी विचारलं.

"आवं, ती पोरगी सासरी जानार. सासू म्हननार, करून दाव. मग ती न्हानीघरात जाऊन मला फोन लावनार. धा-धा वर्सं फोन येत्यात. त्येचं कोन देनार?"

खोटं नाही. मी तिच्या शेजारी राहते, मी स्वतः ऐकलंय. कधी आटपाडीहून, कधी कराडहून, दबक्या आवाजातले फोन येतात आणि अनुसाक्का हातातलं काम टाकून मालत्या कशा वळायच्या ते सांगत बसते. एकीच्या मुलीचं बारसं झालं, त्या बारशाची सजावटसुद्धा फोनवरून झाली. फोन ठेवल्यावर अनुसाक्का म्हणाली, "हमीत बसतंय."

माझं सांगायचं तर मी लोकांची टॅक्सची कामं करते. व्यापारी, डॉक्टर, दोन-चार सतारीवाले असे माझे पक्षकार. त्यामुळे अनुसाक्का मला नावानं हाक मारत नाही, 'टॅक्सबाई' म्हणते. आमच्या गल्लीतले सतारीवाले चाचा तिला तुटक्या भोपळ्यांचे तुकडे देतात, त्यातून ती बोटाएवढे तंबोरे करते. अप्रतिम करते. फौजी नवरदेव असला तर सुपारीचा रणगाडा. तासगावकडचं लग्न असलं तर बेदाण्याचा बंगला, ज्याला एकदा भर मांडवात मुंग्या लागल्या होत्या. तेव्हा तिनं पार्टीला अर्धे पैसे परत दिले. बंगल्याचे दिले, भाड्याचे नाही. मुंग्या बंगल्याला लागल्यात, आईला नाही, असं तिचं म्हणणं.

तिची आणखी एक खोड आहे. स्वतः केलेल्या प्रत्येक रुखवताच्या लग्नाला ती जाते. आमंत्रण नसतंच, कसं असणार? चांगलं पातळ नेसून, हातात पैशांचं पाकीट धरून जाते आणि रुखवताच्या रांगेत उभी राहते. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडची असेल, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडची. बायका काय बोलतात ते ऐकते, पोटभर जेवते आणि घरी येते. मी एकदा टोकलं, तर म्हणाली की जेवण दरात धरलेलं आहे.

हसू येतं खरं, पण मला माहीत आहे की तिला बोलावणारं कुणी उरलेलंच नाही. वडील फौजेतून पाय गमावून परत आले, आई त्याआधीच गेलेली, आणि ही एकुलती एक. वडिलांचं करता करता लग्नाचं राहून गेलं. ना भाऊ, ना बहीण. ती कुणाची आत्या नाही आणि कुणाची मावशीही नाही.

तर हिचा धंदा मार्गी लावायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं. एका रविवारी मी वही घेऊन बसले. एका रुखवताला एकशे चाळीस तास लागले होते आणि त्या हातांच्या कष्टाचे तिनं लावले होते पंधराशे रुपये. ताशी अकरा रुपयेही पडत नव्हते. मी भडकलेच. म्हटलं, अहो, घरकामाला बाई मिळत नाही या पैशांत. कष्टाचे पैसे लावा, ताशी साठ तरी लावा, आणि ते भाड्याचं खूळ बंद करा. चाचा बघा, प्रत्येक सतारीच्या पोटात स्वतःच्या नावाची चिठ्ठी डकवतात. तुम्ही का लपता?

"हात काय, माझंच हायत," ती म्हणाली. "हातांचं भाडं कुनी घेतंय व्हय? नातं मातर दुसऱ्याचं असतंय."

मी ऐकते कुठली. मी रंगीत दरपत्रक छापून आणलं. ती नको नको म्हणत असताना तिच्या घरात मांडलेल्या कामाचा फोटोही काढला. दालचिनीच्या कांड्यांचा ऊस भरलेला ट्रॅक्टर होता, मागे दोन ट्रॉल्या, ड्रायव्हरच्या डोक्यावर कापडी टोपी. फोटोखाली लिहिलं, 'कलाकार : अनुसाक्का, मिरज', आणि माझ्या फोनच्या स्टेटसला टाकून दिला. तिला न विचारता. तो ट्रॅक्टर कुणाच्या लग्नातला हे मी विचारलं नाही आणि ती कधी सांगत नाही.

महिन्यानं तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. व्यापारी माझे पक्षकार, म्हणून मी गेले. कार्यालयात शिरते तर रुखवताच्या टेबलावर तोच ट्रॅक्टर, आणि पुढे पाटी, 'वधूच्या आईने स्वहस्ते केले'. रांगेत पाकीट धरून अनुसाक्का.

मुलाची आई टेबलापाशी आली. ट्रॅक्टरकडे बघितलं, पाटीकडे बघितलं आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हा तर मी आमच्या टॅक्सवाल्या बाईंच्या स्टेटसला बघितलाय. मिरजेच्या कुण्या अनुसाक्कानं केलाय हा."

मुलीची आई कवठे महांकाळची, साधी बाई. शिकवणी व्यवस्थित झालेली होती, पण हा प्रश्न शिकवणीत नव्हता. बोटाची चिकटपट्टी तिनं पदरात लपवली. मुलगी मुंडावळ्या बांधून तिथंच उभी होती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. सुरुवातच खोट्यानं, असं कुणीतरी म्हटलंसुद्धा. मी पुढं व्हायला हवं होतं. मी झाले नाही, हे मी आजही शरमेनं सांगते.

अनुसाक्का रांगेतून पुढं आली.

"मीच ती अनुसाक्का," ती म्हणाली. "ह्यो टॅक्टर ह्या आईसायबांनीच केलाय. मी त्येंच्याकडं शिकाय जात हुते. फोटू काढला आन् आपलं नाव लावलं, चार कामं मिळतील म्हनून. चुकलं माझं."

मुलाच्या आईनं तिला झापलं. दुसऱ्याच्या कष्टावर आपलं नाव लावताना लाज कशी वाटली नाही, असं बरंच काही. अनुसाक्का मान खाली घालून ऐकत होती. स्वतःच्या हातानं केलेल्या ट्रॅक्टरसमोर उभी राहून ती चोर झाली होती. मुलाच्या आईनं मग विहिणीचा हात धरला आणि ट्रॅक्टरची तारीफ केली. त्या माउलीची नजर काही वर उठली नाही. लग्न लागलं. अनुसाक्का त्या दिवशी जेवली नाही.

येताना मी तिला माझ्या गाडीतून आणलं. कवलापूरच्या पुढं आल्यावर मला रडूच फुटलं, गाडी कडेला घेतली. म्हटलं, अक्का, मी तुमचं वाटोळं केलं. आणि तुम्ही का खोटं बोललात? काम तुमचं होतं.

तिनं पाकिटातून रुमाल काढून मला दिला.

"त्या बाईनं आईच्या नावाचं दोन हजार भरल्यात, टॅक्सबाई. मग आई तिला ऱ्हाऊ द्या की."

तासगावात ती चोर ठरली ते ठरलीच. त्या बाजूची कामं त्या वर्षी आली नाहीत. मी घरोघर जाऊन खरं सांगते म्हटलं तर तिनं मला दाराबाहेर जाऊ दिलं नाही, पोरीचा संसार नवा आहे म्हणाली. मात्र माझं दरपत्रक तिनं फाडलं नाही. ताशी साठ ठेवले. भाडंही ठेवलं. आता दोन्ही घेते, आणि कुणी कुरकुर केली तर माझ्या दाराकडे बोट दाखवते, "टॅक्सबाईंचा नियम हाय, माझा न्हाई."

यंदा माझ्या लेकीचं, मुक्ताचं लग्न ठरलं, साताऱ्याच्या घरी. मी अनुसाक्काकडे गेले. तिनं सवयीनं विचारलं, नाव कुणाचं लावणार? म्हटलं, तुमचं. पाटीवर अनुसाक्का लिहायचं, मोठ्या अक्षरात. माझ्या हातून साधी रांगोळी होत नाही हे सगळ्या मिरजेला ठाऊक आहे. ती नुसती सुपाऱ्या निवडत बसली.

दोन महिने तिनं मला आत येऊ दिलं नाही. लग्नाच्या दोन दिवस आधी सामान घेऊन आली. तासांचा कागद पुढं ठेवला, साठच्या दरानं, एक रुपया कमी नाही. मी पैसे दिले. तिनं ते नीट मोजले, कनवटीला लावले आणि पाकिटातून हजार रुपये काढून माझ्यापुढं धरले.

"हे कशाचे?"

तिनं पाटी काढून दिली. तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'अनुसाक्का, वधूची मावशी'.

"तुमाला भन न्हाई. मुक्ताला मावशी न्हाई," ती म्हणाली. "मावशीचा दर हजार हाय. बिनभाड्याचं मी कुनाला दिलं न्हाई, बिनभाड्याचं घेनार न्हाई. चालत असंल तर बगा."

पैसे मागं सारायला हात पुढं केला, तर तिचा चेहरा असा उतरला, की मी मुकाट्यानं ते घेतले. मग ती म्हणाली, पावती द्या. मी आयुष्यात हजारो पावत्या फाडल्यात, पण अशी ही पहिलीच. 'नात्यापोटी रुपये एक हजार फक्त मिळाले', असं लिहून सही केली. तिनं ती वाचली, पुन्हा वाचली, घडी घालून पाकिटात ठेवली.

लग्नाच्या दिवशी बघते तर बाई सवयीनं पाहुण्यांच्या रांगेत उभ्या. मी दंडाला धरून तिला टेबलाच्या आतल्या बाजूला आणलं. साताऱ्याच्या विहीणबाई आल्या. सुपारीची वरात बघितली, बोटाएवढ्या तंबोऱ्याची तार छेडून बघितली, मग पाटी वाचली आणि सहज विचारलं, "मावशी सख्ख्या का?"

इतक्या वर्षांत अनुसाक्कानं किती आयांकडून उत्तरं घोकून घेतली होती. तिला स्वतःला एकही सुचलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, मग घाईघाईनं पाकीट उघडून आत पावती शोधायला लागली.

मी तिचा हात पाकिटासकट धरला आणि विहीणबाईंना सांगितलं, "हो, सख्ख्या."