आमच्या आखाड्यातली आरोळी

पणजोबा फुट यांच्या लाथेने केळीचे खुंट आडवे होत. आजोबा इनकेव यांच्या लाथेने माणसे. आणि वडील सेन यांनी नुसता पाय उचलला, की समोरचा आपणहून आडवा होई! त्या घराण्याची मी, साईबुआ. थायलंडातल्या खोराटमधला आमचा मुआय थायचा, म्हणजे लाथाबुक्क्यांच्या लढतीचा, आखाडा आज माझ्या शब्दावर चालतो. मला कोणी काही शिकवावे, असे आता काही उरलेले नाही.

तरीही शिकवायला आला, तो माझाच नातू पाकॉन. बँकॉकला चार वर्षं शिकून, लाथेचे बळ मोजणारी तारांची पेटी घेऊन!

"आजी, बळ मांडीत असतं, पण हुकूम मेंदूचा. आणि मेंदू कंजूष! हाड मोडेल या भीतीने तो सगळे स्नायू कामाला लावतच नाही. कोणी अचानक ओरडलं, की त्याचा लगाम सुटतो."

"एवढं कळायला तुला चार वर्षं लागली?"

त्याच दिवशी प्रयूर येऊन ठेपला. पन्नास वर्षांपूर्वी हे गृहस्थ मला मागणी घालायला आले होते. ऐन वेळी मी प्रत्येक लाथेला ठोकायची आमच्या आखाड्याची आरोळी ठोकली, "ओय!", सराव करणाऱ्या माझ्या भावाची लाथ उसळली आणि नवरदेव थेट माशाच्या रश्शात बसले! आता त्याला माझा एकमेव चांगला लढवय्या, सिंगदम, स्वतःच्या आखाड्यात न्यायचा होता.

पाकॉनने सिंगदमच्या मांडीला तारा चिकटवल्या. "कोणी ओरडायचं नाही. आधी शांतपणे मोजू."

पोत्यावर लाथ बसली. पेटीने दाखवले, शंभरांपैकी साठ.

"साईबुआ, ही लाथ होती की माशी हाकलली?" प्रयूर खिदळला. "गडी माझा!"

"शंभर भरले, तर इथेच राहील!" मी गरजले. "आणा ती लाथा झेलायची ढाल. मी धरते!"

"आजी, अगं, तू नको..."

"गप्प बस!"

रिंगणाच्या दोरीच्या आत बाईने पाऊल टाकू नये, हा नियम मी आयुष्यभर कडकपणे पाळला आहे. म्हणून ढाल छातीशी धरून मी अंगणातच उभी राहिले. पाठीमागे दुपारच्या शेवयांसाठी माशाच्या रश्शाचे पातेले निवत ठेवले होते, ही बाब मला त्या वेळी क्षुल्लक वाटली.

सिंगदमने पाय उचलला. तीन पिढ्यांचे बळ एकवटून मी आरोळी ठोकली, "ओय!" सवयीप्रमाणे अख्खे अंगण गरजले, "ओय!"

शंभर भरले, असे म्हणतात. मी पाहिले नाही. माझ्या मेंदूचा हुकूम माझ्या पायांपर्यंत पोहोचण्याआधीच मी पातेल्यात पोहोचले होते!

प्रयूरने हात देऊन मला उठवले आणि अंबाड्यात अडकलेला मासा अदबीने काढला. "सिंगदम तुझाच."

"रश्शात मीठ कमी आहे," मी ताठ मानेने म्हणाले.

"तेव्हाही कमीच होतं, साईबुआ," तो म्हणाला. "फिटलं आपलं देणं!"