डुगडुगत्या तख्ताची मोहीम

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बाईसाहेब पंपांच्या कारखान्याच्या कचेरीत मुलाखतीच्या खुर्चीवर स्थानापन्न जाहल्या आणि खुर्ची डुगडुगली. या प्रसंगाची हकिकत बैजवार लिहावी, पदरचे घालू नये, कोणाची भीड धरू नये, ऐसी आज्ञा जाहली. त्यास अनुसरून जे दिसले आणि जे संबंधितांनी मागाहून कबूल केले तितकेच येथे लिहिले असे.

मोहिमेचे कारण ऐसे की, त्या कारखान्याचे दफ्तर बहुत दिवस बेबंद होते. एक कागद हवा तर तीन कपाटे उघडावी लागत, आणि कागद निघे तो चौथ्यात, तोही दुसराच. सबब हुजुरातून जाहिरात सुटली की, एक दफ्तरदार नेमणे आहे, वय बेचाळिसाच्या आत. त्या दिवशी बाईसाहेबांचे वय एकेचाळीस वर्षे, अकरा महिने आणि एकोणीस दिवस. पूर्वी एका इस्पितळाचे दफ्तर त्यांनी सात वर्षे ऐसे राखिले होते की, दिवे गेले तरी अंधारात हात घालून नेमक्या रोग्याचा नेमका कागद काढीत. मग सासरेबुवा अंथरुणास खिळले, आणि बाईसाहेबांनी नोकरी सोडून नऊ वर्षे त्यांची सेवा केली, आणि सासरेबुवा निवर्तले, आणि ती नऊ वर्षे बायोडेटावर कोरी राहिली. पाच कचेऱ्यांनी त्या कोऱ्या जागेवर बोट ठेविले आणि पाचांनी "कळवू" म्हणून बोळवण केली. हे सहावे ठाणे. हेही हातचे गेले तर वयाच्या अटीने पुढचे सगळे दरवाजे मिटणार, हे घरात सर्वांस ठाऊक होते, आणि सर्वजण भलत्याच विषयावर बोलत होते.

मसलतीस धाकट्या नणंदबाईंस पाचारण केले. नणंदबाई मुलाखतींच्या कामी बहुत अनुभवी. चौदा लढल्या आणि चौदाही हरल्या, त्यामुळे शत्रूचे सर्व डाव त्यांस मुखोद्गत.

"वहिनी, पहिल्या तीन मिनिटांत काय तो निकाल लागतो. पुढचा नुसता टाइमपास."

"अगं, मग अर्धा तास कशाला बसवून ठेवतात?"

"ते त्यांनाही माहीत नसतं."

मग नणंदबाईंनी फर्मान काढिले की, पाठ ताठ ठेवावी, पावले जमिनीस टेकवावी, हसावे परंतु समोरच्यास दात मोजता येतील इतके नव्हे, आणि आभाळ कोसळले तरी बसल्या जागी हलू नये. हलला तो संपला. उणीव विचारिली तर सांगावे की, मी फार बारकाईने काम करते, हीच माझी उणीव. यजमान चपला पुसता पुसता इतकेच बोलिले की, तू जशी आहेस तशी जा. त्यावर नणंदबाई कडाडल्या, "दादा, तू गप्प बस. तशी पाच वेळा गेली होती ती!"

कचेरीच्या बाहेरल्या बाकावर सात उमेदवारांचा तळ पडिला. बाईसाहेबांचा क्रमांक सहावा. सातवे एक कोटवाले, ज्यांच्या कोटाची घडी इतकी कडक की त्यांस बसताना विचार करावा लागे. पहिले पाच वीर ताठ मानेने आत गेले आणि बोट लागलेल्या उतारूंसारखे चेहरे घेऊन परतले. काय जाहले ते कोणी सांगेना. हरलेला सरदार रणभूमीचे खड्डे कोणास दाखवितो?

आत त्रिवर्गाचा दरबार. मध्ये मोठे साहेब, नजर फोनवर; उजवीकडे मनुष्यबळवाल्या बाई, हाती शेऱ्यांचा तक्ता; डावीकडे एक गृहस्थ, ज्यांचे तेथे काय काम होते ते अखेरपावेतो उघड जाहले नाही. समोर ते तख्त. त्याचा पुढला डावा पाय बोटभर आखूड. बाईसाहेब डावीकडे कलल्या, सावरल्या, तो उजवीकडे कलल्या, आणि प्रत्येक वेळी फरशीवर टक् ऐसा आवाज जाहला.

"स्वतःबद्दल सांगा."

बाईसाहेब सांगू लागल्या. टक्. फर्मानाप्रमाणे अंग आवळून बसल्या, तरी इस्पितळापाशी टक् आणि सासऱ्यांपाशी टक्. मनुष्यबळवाल्या बाईंनी तक्त्यात 'आत्मविश्वास' या रकान्यात लिहिले: चलबिचल. हाच शेरा वरच्या पाचही उमेदवारांपुढे होता; मात्र एका सकाळी सहा माणसे सारखीच चलबिचल कशी, हा प्रश्न मनुष्यबळाच्या शास्त्रात बसत नसावा.

"ही नऊ वर्षं काय केलंत?"

"सासऱ्यांचं सगळं बघत होते. औषधं, तपासण्या, चार डॉक्टरांचे कागद. तारीखवार ठेवलेत सगळे."

"म्हणजे काम असं काही नाही."

टक्.

हा आवाज खुर्चीचा की बाईसाहेबांच्या मस्तकातला, याविषयी मतभेद आहेत. इतके खरे की, बाईसाहेब फर्मान मोडून उठल्या, "एक मिनिट हं" म्हणाल्या, भर दरबारात गुडघ्यांवर बसल्या, आणि आखूड पाय न्याहाळून मेजाकडे हात पसरून विचारित्या जाहल्या, "एखादा कागद मिळेल का? वाया गेलेला?"

साहेबांनी फोनवरून नजर न काढता समोरचा पालथा कागद पुढे ढकलिला. "घ्या, घ्या. इथे कागदांना काय तोटा!"

बाईसाहेबांनी हयातीत प्रथमच एक कागद न वाचता त्याच्या चार घड्या घातिल्या आणि पायाखाली सारिला. मग बसून पाहिले. तख्त पहाडासारखे अचल जाहले. डावीकडचे गृहस्थ सकाळपासून प्रथमच बोलिले: "बरं केलंत."

पुढील सवाल मात्र विचित्र आले. साहेबांनी मेजावर चाचपून एक कागद उचलिला आणि वाचून विचारिले, "तुम्ही कॉलेजच्या कुस्ती संघात होता?"

"नाही हो."

"इथे तर लिहिलंय."

साहेबांनी कागद हळूच खाली ठेविला आणि चूक बाईसाहेबांची असावी ऐशा नजरेने पाहिले. मग घाईघाईने उणीव विचारिली. बाईसाहेब पढविलेले सर्व विसरल्या आणि उत्तरल्या, "एखादी वस्तू डुगडुगताना दिसली, की मला दुसरं काही सुचत नाही."

"बरं. कळवू."

बाहेर येऊन त्या पाहुण्यांच्या वहीत निघाल्याची वेळ लिहीत होत्या, तो कोटवाले आत गेले, त्या स्थिर तख्तावर ऐसपैस विराजले, आणि चाळीस मिनिटे आतून हास्याचे लोट येत राहिले. त्यांच्या नावापुढे शेरा पडिला: कमालीचे स्थिर.

घरी नणंदबाईंनी कपाळास हात लाविला.

"उठलीस? वहिनी, चालू मुलाखतीत उठलीस?"

"मग काय करू, झोके घेऊ?"

"घ्यायचे! चौदा वेळा घेतले मी."

"आणि?"

यावर नणंदबाई चहा ठेवण्यास आत गेल्या.

बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी फोन खणाणला. मनुष्यबळवाल्या बाईंनी कळविले की, निवड दोघांवर आली आहे, एक कोटवाले आणि एक आपण. डावीकडचे गृहस्थ आपल्यासाठी हटून बसले आहेत. दोन्ही बायोडेटा पाच वाजता मालकांकडे जायचे आहेत, परंतु आपला कुठे सापडत नाही.

"तीन दिवस शोधतोय, मॅडम. चारही कपाटं पाहिली. मेलवर आला होता तोही दिसेना. दुसरा पाठवता का?"

बाईसाहेबांच्या डोळ्यांपुढे तो पालथा कागद उभा राहिला, आणि त्याचा कोपरा, आणि कोपऱ्यावरची ती पिन, जी त्यांनी स्वतःच्या हाताने बायोडेटास तिरपी टोचिली होती. नणंदबाई खाणाखुणा करीत होत्या की, काही बोलू नको, मुकाट दुसरा पाठव. बाईसाहेबांनी त्यांच्याकडे पाठ केली.

"तो मुलाखतीच्या खुर्चीखाली आहे," त्या म्हणाल्या. "पुढचा डावा पाय. चार घड्या आहेत. काढलात तर तिथे दुसरं काहीतरी सारा, नाहीतर पुन्हा हलेल."

 पलीकडून "थांबा हं, साहेबांना सांगते" ऐसे शब्द, आणि दूर जाणारी पावले.

सबब येथे रीतसर नोंद केली जाते की, मंगळवारपासून शुक्रवारपावेतो ते तख्त तसूभरही हलले नाही, आणि ही फत्ते निर्विवाद बाईसाहेबांची. नेमणुकीविषयी हुजुरातून अद्याप काही आलेले नाही. लिहिते वेळी चार वाजून एकोणीस मिनिटे जाहली आहेत, फोन बाईसाहेबांच्या कानास आहे, आणि पलीकडे कोणी खुर्ची उचलीत आहे.