वामनतात्यांचा बिनडब्याचा खजिना

आमच्या शेजारच्या वामनतात्यांना फोन करून "कुठं आहात?" असं विचारू नये. बाकीची माणसं "पोचलोच, पाच मिनिटं" असं सोयीचं खोटं सांगतात. तात्या खरं सांगतात. "अठरा पॉइंट साठ, बहात्तर पॉइंट नव्वद," आणि त्यापुढे दोन्हीकडे आणखी तीन-तीन आकडे. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, एकदा कोथिंबीर आणायला सांगण्यासाठी फोन केला होता. आकडे ऐकून त्यांनी फोन ठेवला आणि स्वतःच बाजारात गेल्या. तात्या तिथेच होते, भाजीवालीच्या समोर.

पुतण्याच्या लग्नपत्रिकेवर मांडवाचा पत्ता म्हणून तात्यांनी अक्षांश-रेखांश छापून घेतले. छापखान्यात एक आकडा चुकला. बँडवाले फोन सांगेल तसे सरळ पुळणीवर गेले आणि समुद्राकडे तोंड करून वाजवत उभे राहिले. मुहूर्त टळला. तात्यांना त्याचं काही वाटलं नाही. "आकडा चुकला," ते म्हणाले, "जागा चुकली नाही. मांडव होता तिथंच होता."

तात्या सरकारी जमीन मोजणीच्या कामावर होते. त्यांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण "मोक्यावर या, मग बोला" हे त्यांचं वाक्य काही निवृत्त झालं नाही. मोका म्हणजे जिच्यावरून वाद चाललाय ती प्रत्यक्ष जागा. पाऊसपाणी, राजकारण, माझा बारावीचा निकाल, कशावरही कोणी मत दिलं की तात्या म्हणतात, "मोक्यावर या." निकालाचा मोका कुठे असतो हे मला अजून कळलेलं नाही.

अशा माणसाच्या हातात मोबाइलवरचा तो खेळ पडला. माझ्यामुळेच पडला, हे मला कबूल केलं पाहिजे. अलिबागला कॉलेजात एका मैत्रिणीने मला दाखवला, मी तात्यांना दाखवला. एकाने कुठेतरी डबा लपवायचा, जागेचे आकडे फोनवर टाकायचे आणि बाकीच्यांनी तो शोधायचा. जुन्या किल्ल्यात डबा ठेवता येत नाही, म्हणून तिथे बिनडब्याचा खजिना असतो. त्या जागी जायचं, तिथलं काहीतरी नीट पाहून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पाठवायचं, की तुमच्या नावापुढे खूण होते. हातात काही येत नाही.

"मंग त्याला खजिना कशाला म्हनतात?" आईने विचारलं.

तात्यांना मात्र तेच पटलं. "माणूस मोक्यावर आला, हाच खजिना," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून टोपी, वही आणि पिशवी घेऊन एसटीने किल्ल्यांवर जायला लागले. कुलाबा, कोर्लई, रेवदंडा. ओहोटी कधी लागते हे ते आता कोळणींना सांगायचे. कोळणी ऐकून घ्यायच्या. एक जण फक्त म्हणाली, "तात्या, समुद्राला पन कळवलाव ना?"

त्यांच्या प्रश्नांबद्दल मी काय सांगू? लोक विचारतात, तोफा किती, दरवाजावर कोणता प्राणी कोरलाय. तात्यांना तोफांचा तिटकारा. "तोफा काय, शेंबडं पोरपण मोजील." त्यांचा प्रश्न असा: दरवाजाच्या डाव्या अंगाला खालून पाचव्या थरात तिसरा दगड किती सेंटिमीटर लांब? मी इतिहास घेऊन बी. ए. करते, म्हणून भीत भीत म्हटलं, "तात्या, किल्ला कोणी बांधला, कधी बांधला, असं काहीतरी विचारू या का?"

"कोणी बांधला ते पाटीवर आहे, बाय. किती बांधला ते कुठं लिहिलंय?"

खेळात प्रत्येक जागा आधी एका तपासनिसाकडे जाते. तो कुठल्या तरी परदेशात बसून इंग्रजीत लिहायचा. आमच्या दोन्ही घरांत इंग्रजी वाचणारी मी पहिलीच, म्हणून ती पत्रं माझ्याकडे यायची, आणि मी शब्दकोश उघडून तात्यांना अर्थ सांगायचे. तपासनीस फार सभ्य होता. प्रत्येक पत्रात तो विचारायचा की हाच प्रश्न जरा आनंददायक करता येईल का. तात्या उत्तर द्यायचे, "त्याला लिही, मोक्यावर ये."

मी ते जरा मऊ करून लिहायचे.

तरीही वर्षभरात अकरा जागा मंजूर झाल्या. बारावी अडली. तात्यांनी बारा जागांची एकच मालिका केली होती, आणि बारावी मंजूर झाल्याशिवाय अकरांपैकी एकही लोकांना दिसणार नव्हती. बारावा प्रश्न रेवदंड्याच्या तटावरचा: समुद्राकडच्या दोन पडक्या बुरजांमधलं अंतर किती? तात्यांनी उत्तर पाठवलं होतं, चौतीस पावलं. तपासनिसाने लिहिलं, पावलं चालणार नाहीत, टेपने मोजून रविवारपर्यंत कळवा, नाहीतर ही जागा रद्द होईल.

"टेप आहे ना तुमच्याकडे?" मी विचारलं.

"टेप आहे. दुसरं टोक कोण धरील?"

मी म्हटलं, टोकावर दगड ठेवा. तात्या माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले. "दगड ठेवला की टेप सरकतो. सरकला तरी दगड सांगत नाही. माणूस सांगतो." लेझरने मोजायचं यंत्र मिळतं म्हटलं, तर म्हणाले, "उजेडाचं काय खरं!" प्रश्नच बदला म्हटलं, तर त्यांनी वही मिटली.

काकींना विचारून झालं होतं. "पस्तीस वर्षं संसाराचं दुसरं टोक धरलंय," त्या चहा गाळत म्हणाल्या, "टेपचं धरनार न्हाय. आनि माझे गुडघे किल्ल्यावर जात न्हाईत."

मग तात्या पिशवीत टेप घालून गावात निघाले. मी सोबत नव्हते, पण आमच्याकडे बातमी माणसाच्या आधी पोचते. नऊ वर्षं घरी बसला म्हणून मोजणीवाला कोणी विसरत नाही. आमच्या नागावात असा बांध नाही ज्यावर तात्यांचा टेप पडला नाही, आणि असा टेप नाही ज्याने दोघांपैकी एकाला शत्रू केलं नाही. एक जण म्हणाला, "माझी दीड हात वाडी ज्याला दिलीस त्याच्या हातात दे टेप." तो दुसरा म्हणाला, "दीडच हात दिलीस, दोन द्यायची होती." शेवटी तात्या पुळणीवर जाऊन एका पर्यटक जोडप्याला पटवायला लागले. त्यांनी विचारलं, "काका, बनाना राइड कितीला?"

शुक्रवारी संध्याकाळी ते ओटीवर टेप उघडून पुसत बसले होते. मला राहवलं नाही. "तात्या, मी येते उद्या. मी धरते."

ते लगेच म्हणाले, "नको."

"का?"

"तुझ्या बापाला विचारल्याशिवाय नको."

माझे बाबा टेम्पो चालवतात. बांधावरचे आमचे दोन माड तात्यांच्या मोजणीत चुलत्यांच्या हद्दीत गेले, तेव्हापासून बाबा तात्यांशी बोलत नाहीत. तात्यांच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल असं आमच्याशी बोलतात. मी तात्यांकडे जाते हे त्यांना माहीत होतं आणि ते त्यांनी चालवून घेतलं होतं. तात्याही कधी आमच्या दारात आले नाहीत. माझ्या लक्षात आलं की सगळ्या गावाला विचारत फिरलेल्या या माणसाने आमच्या घराला आणि मला मात्र वगळलं होतं. माझ्यामुळे तुमच्या घरात भांडण नको, असं त्यांना म्हणायचं असावं. म्हणाले एवढंच, "बापाची पोर आहेस तू."

मी घरी येऊन बाबांना सांगितलं. ते जेवत होते.

"त्या टेपनं माझे दोन माड खाल्ले," बाबा म्हणाले. "आता माझी पोर पन पायजे काय?"

"त्यांनी नाही बोलावलं. नको म्हणाले. तुम्हाला विचारल्याशिवाय नको म्हणाले."

बाबांचा हात ताटात थांबला. मग त्यांनी आणखी भात मागितला.

सकाळी टेम्पो आमच्या दाराऐवजी तात्यांच्या दारात उभा होता. "पोरीला त्या पडक्या तटावर एकटी न्हाय सोडनार," बाबा समोरच्या काचेकडे बघत म्हणाले. तात्या टोपी सावरत चढले. रेवदंड्यापर्यंत आम्ही तिघं एका बाकावर बसून गेलो. एकदा फक्त तात्या म्हणाले, "पुढं वळण आहे," आणि बाबा म्हणाले, "म्हायती हाय."

तटावर बाबांनी टेपचं टोक घेतलं आणि पलीकडच्या बुरजापर्यंत गेले. तात्या अलीकडे. मी वही घेऊन तात्यांजवळ. सव्वीस मीटर चाळीस. मी लिहिलं. "परत घेऊ," तात्या म्हणाले. परत सव्वीस चाळीस. "अजून एकदा."

"आता काय किल्ला वाढला काय?" बाबा पलीकडून ओरडले. पण त्यांनी टोक पुन्हा दगडाला लावलं.

तिसऱ्या वेळी मी थांबले. "तात्या, किती?" त्यांचं टेपकडे लक्षच नव्हतं. ते पलीकडे, बाबांकडे बघत होते, आणि अंगठ्याने पट्टी दाबून उभे होते. वारा होता, तरी पट्टी जराही लवत नव्हती.

"ताण बघ गो," ते हळूच म्हणाले. "कसा चांगला धरलाय."

बाबांनी पलीकडून हाक दिली, "सोडू काय?"

"नको," तात्या घाईने ओरडले. "धरून ठेव जरा."