पाठीला बरी वाटणारी भिंत

एका जंगलात चूक झाली, मुलांनो, आणि ती भाऊसाहेब गव्याची होती. आधीच सांगून टाकतो. नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत बिचाऱ्या पावसाला दोष देत बसाल. मोठी माणसं तुम्हाला तेच शिकवतात.

हे जंगल डोंगराच्या पश्चिम उतारावर होतं. तिथे पाऊस वरून पडत नसे, समोरून यायचा. चार महिने वाऱ्यावर बसून यायचा आणि थेट भिंतीवर आपटायचा. भिंती सगळ्यांच्या कुडाच्या. कारवीच्या काठ्या विणायच्या आणि वर शेणमातीचा गिलावा द्यायचा. उन्हाळ्यात गार, थंडीत उबदार, पावसाळ्यात चिखल. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून काहीतरी पांघरूण घालावंच लागायचं. नाहीतर श्रावणात भिंत घरात यायची.

हे पांघरूण कशाचं घालायचं ते कोण ठरवायचं? ज्याची भिंत तो, असं वाटलं ना तुम्हाला? तुम्ही अजून लहान आहात.

ते भाऊसाहेब ठरवायचे. कारण ते सगळ्यांत म्हातारे होते. दुसरं काही कारण नव्हतं.

रीत अशी होती. चैत्रात सगळे नमुने भाऊसाहेबांच्या दारातल्या खांबांना बांधायचे. भाऊसाहेब जेवून बाहेर यायचे, एकेका नमुन्याला पाठ लावायचे आणि घासायचे. पाठीला बरं वाटलं तो नमुना पास. टोचला तो नापास. ही परीक्षा त्यांच्या आजोबांनी सुरू केली होती. आजोबांना खरूज होती. खरूज गेली, परीक्षा राहिली.

आणखी एक गोष्ट. मृग लागला की भाऊसाहेब घाटापलीकडे, कोरड्या माळावर, लेकीकडे जायचे. पावसात गुडघे धरतात म्हणायचे. जोर ओसरला की परत यायचे. त्यामुळे या उतारावरची भिंत भिजल्यावर कशी दिसते, हे त्यांनी अख्ख्या जन्मात पाहिलं नव्हतं. पण कोणी तोंड उघडलं की लगेच, "तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत मी."

पाहिले असतील. माळावरचे.

त्याच उतारावर शेवंती नावाची एक उदमांजर होती. तिने त्या वर्षी पहिल्यांदाच स्वतःचं घर बांधलं होतं. एकटीने. नवरा फणस खायला म्हणून गेला तो फणसाचाच झाला. शेवंतीच्या पोटात पिल्लं होती आणि ती श्रावणात होणार होती. उदमांजराची पिल्लं जन्मतात तेव्हा मुठीएवढी असतात, डोळे मिटलेले. ओल लागली की संपलं. म्हणून शेवंतीला श्रावणाच्या आत एक कोरडी भिंत हवी होती. तिचं मागणं एवढंच होतं.

ती विसूकाकांकडे गेली. विसूकाका म्हणजे खवले मांजर. जंगलात पावसाची खरी माहिती असलेला एकच प्राणी.

"काका, भिंतीला काय घालू?"

"माझ्या अंगाकडे बघ," विसूकाका म्हणाले. "वरचा खवला खालच्यावर येतो. पाणी उतरून जातं. ओढ्याकाठी वादळात ऐनाचं झाड पडलंय, त्याची साल काढ. जाड आहे, किडीला आवडत नाही. खालून लावायला लाग आणि वर चढत जा. जमिनीपासून वीतभर वर ठेव. आणि भिंतीला चिकटवू नको. मध्ये चार बोटं मोकळी सोड."

"मोकळी कशाला?"

"वारा फिरायला. पाऊस येणारच गं. त्याला येऊ नको म्हणून भागत नाही. आलेला वाळला पाहिजे, बस."

शेवंतीने आठ दिवस खपून साल लावली. लांबून बघितलं तर एक मोठं खवले मांजर घराला टेकून झोपल्यासारखं दिसायचं.

नवव्या दिवशी सभा भरली. शेवंतीच्या भिंतीसमोरच.

"याला पाठ लागली होती का?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नाही," शेवंती म्हणाली.

भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे पाठ लावली आणि एकदा घासली. "आई गं! टोचतंय हे!"

"तुम्ही रोज माझ्या भिंतीला पाठ घासायला येणार आहात का, भाऊसाहेब?"

"उलट बोलू नको. तुझ्यापेक्षा जास्त पावसाळे पाहिलेत मी. आणि ही फट कसली सोडलीस मध्ये?"

"वारा फिरायला."

"वाऱ्याने घराबाहेर फिरावं. भिंतीत काय काम त्याचं? आमच्या वेळी भिंतीत फटी नव्हत्या!"

सगळ्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. मान हलवायला अक्कल लागत नाही, नुसती मान लागते.

शेवंतीने विसूकाकांकडे बघितलं. विसूकाका कधीच गोळा होऊन बसले होते. तोंड पोटात, शेपूट तोंडावर.

"काका, बोला ना!"

"बोलतो गं," गोळ्यातून आवाज आला. "सभा संपली की बोलतो."

बघा मुलांनो. जंगलात म्हातारे दोन प्रकारचे असतात. एकाला काही माहीत नसतं आणि तो बोलतो. दुसऱ्याला माहीत असतं आणि तो गोळा होतो. दोघांच्या पाया पडायचं असतं म्हणे.

मग भारद्वाज पुढे आला. भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो, असं वडीलधाऱ्यांनी सांगून ठेवलेलं. त्या जोरावर तो दारोदार फिरायचा आणि वाटेल ते विकायचा. या वर्षी त्याच्याकडे सावरीच्या फळ्या होत्या. गोऱ्यापान, मऊ, रंधा मारलेल्या. सावरीचं लाकूड म्हणजे वाळवीची पुरणपोळी. पण भाऊसाहेबांनी पाठ लावली, घासली, आणि त्यांचे डोळे मिटले.

"आहाहा," ते म्हणाले. "हे लाकूड!"

"पंचवीस वर्षांची हमी आहे, भाऊसाहेब," भारद्वाज म्हणाला.

शेवंतीने हमीचं पान उलटं करून बघितलं. मागे बारीक अक्षर होतं. तिने मोठ्याने वाचलं. "भिजल्यास हमी लागू नाही."

सभेने भाऊसाहेबांकडे बघितलं. भाऊसाहेबांनी क्षणभर विचार केला.

"मग भिजवू नका ना," ते म्हणाले.

सभा संपली. शेवंतीची साल उतरवून ओढ्यात टाकली. उतारावरच्या नऊही घरांना सावरीच्या फळ्या ठोकल्या. भिंतीला घट्ट चिकटवून, मध्ये केसाचीही फट न ठेवता, पार जमिनीत रोवून. भाऊसाहेबांनी प्रत्येक घराला एकेकदा पाठ लावली, आशीर्वाद दिला आणि मृग लागायच्या आदल्या दिवशी लेकीकडे निघून गेले.

आता पावसाचं ऐका.

आर्द्रा नक्षत्रात फळ्या हिरव्या झाल्या. "रंग खुलला हो," असं शेजारची घोरपड म्हणाली. पुनर्वसूत त्या फुगल्या. पुष्यात त्यांच्यावर अळंबी उगवली. पांढरी, गुबगुबीत, ताटलीएवढी. मंडळींनी भाजी केली. खोटं कशाला बोलू, भाजी फर्मास झाली होती. आठवडाभर नऊ घरं स्वतःची भिंत जेवत होती. घोरपडीने तर भाऊसाहेबांच्या दूरदृष्टीचं कौतुकही केलं.

पण फळीमागे गेलेलं पाणी बाहेर येईना. यायला वाटच नव्हती. ते तिथेच बसून गिलावा चाटत राहिलं. एका सकाळी शेवंतीने भिंतीला बोट लावलं, ते सरळ आरपार गेलं. पलीकडे बेडूक बसला होता. त्याने बोटाला रामराम केला.

शेवंती तशीच उठली आणि विसूकाकांकडे गेली. पोट जमिनीला लागत होतं.

"मी तेव्हाच म्हणणार होतो," विसूकाका म्हणाले.

"पण म्हणाला नाहीत."

"सभा होती गं."

"आता सभा नाहीये. चला."

"अगं, भाऊसाहेब येऊ देत. त्यांना एक शब्द विचारू आणि मग..."

"काका, मला आठ दिवसांत पिल्लं होतील. तुम्हाला गोळाच व्हायचं असेल तर माझ्या भिंतीवर चढून व्हा. निदान पाऊस तरी अडेल."

विसूकाका आधी सवयीने गोळा झाले. मग हळूहळू उलगडले. आयुष्यात पहिल्यांदाच, भाऊसाहेबांना न विचारता.

दोघांनी फळ्या काढल्या. काढल्या म्हणजे काय, हात लावला की चहात बुडालेल्या बिस्किटासारख्या गळून पडत होत्या. पडलेल्या ऐनाची दुसरी बाजू अजून शाबूत होती. विसूकाकांनी नखं घालून साल सोडवली. शेवंती ती पाठीवर घेऊन चढ चढायची. पाऊस अंगावर बदाबदा ओतत होता. विसूकाका तर एकदा घसरून सालीसकट ओढ्यापर्यंत गडगडत गेले आणि खालून ओरडले, "मी ठीक आहे! साल पण ठीक आहे!"

चार दिवसांत भिंत झाकली. चार बोटांच्या फटीतून वारा फिरायला लागला. गिलावा आधी चिखल होता, मग माती झाला, मग भिंत झाला. सातव्या दिवशी दुपारी शेवंतीला तीन पिल्लं झाली. तिने त्यांच्याखालचं गवत चाचपून बघितलं. कोरडं होतं. तिने परत एकदा बघितलं. कोरडंच होतं.

शेजारणी बाळंतिणीला बघायला आल्या.

"पिल्लं गोड आहेत हो," घोरपड भिंतीकडे बघत म्हणाली.

"कोणाच्या वळणावर गेलीत?" भेकरीण भिंत ठोकून बघत म्हणाली.

मघा नक्षत्र संपेपर्यंत नऊही घरांना ऐनाची साल लागली होती. पडलेलं एकही झाड रानात उरलं नव्हतं. भारद्वाजाने फळ्यांचा धंदा गुंडाळला आणि साल वाहून द्यायला लागला.

उत्तरा नक्षत्रात भाऊसाहेब परत आले. तुकतुकीत होऊन. लेकीने लाडू घातले होते. त्यांनी उतारावरच्या नऊ भिंती बघितल्या आणि जागच्या जागी उभे राहिले.

"हे कोणाला विचारून?"

कोणी बोलेना. भाजी खाताना सगळ्यांना तोंडं होती.

शेवंती दारात आली. "तुम्हालाच विचारलं असतं. पण तुम्ही लेकीकडे होतात."

"मग थांबायचं!"

"पिल्लं थांबेनात."

"रीत म्हणजे रीत. उतरवा सगळं! पहिली हिचीच!"

आणि खरंच दोन म्हातारी वानरं पुढे आली. त्यांनी शेवंतीच्या भिंतीच्या सालीला हात घातला. अजून हस्ताचा पाऊस यायचा होता. तो जाता जाता सगळं धुऊन नेतो, हे त्या दोन वानरांना माहीत होतं. तरी त्यांनी हात घातला. मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नसतो. भिंत पडली तर पडू दे.

शेवंतीच्या तोंडात एक शिवी आली. चांगली होती, पण तुम्ही लहान आहात. ती आता बाहेर पडणार, इतक्यात आतून एक पिल्लू शिंकलं.

शेवंतीने शिवी गिळली. आवंढ्यापेक्षा मोठी होती, वेळ लागला.

"उतरवा हो," ती म्हणाली. "फक्त मग सत्काराचं काय करायचं, भाऊसाहेब?"

"कसला सत्कार?"

"तुमचा. तुमच्या मार्गदर्शनाखाली नऊ भिंती कोरड्या राहिल्या म्हणून."

दोन्ही वानरांचे हात सालीवरच थांबले. भाऊसाहेबांनी शेपटीने एक माशी हाकलली. मग दुसरी हाकलली. दुसरी नव्हतीच.

"मार्गदर्शन तर होतंच माझं," ते म्हणाले.

"लांबून होतं," शेवंती म्हणाली.

"लांबून होतं," भाऊसाहेब म्हणाले. "पण होतं."

"शाल आहे माझ्याकडे!" भारद्वाज ओरडला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता सत्कार झाला. भाऊसाहेब दीड तास बोलले. फट ही आपली परंपरा आहे आणि नव्या पिढीने ती जपली पाहिजे, असं त्यांनी कळकळीने सांगितलं. म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. विसूकाकांना मंचावर बसवलं होतं, पण ते लगेच गोळा झाले आणि कोणीतरी त्यांच्यावर हारांचं तबक ठेवलं.

शेवटी शेवंतीला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती पुढे आली आणि मोजून दोनच बोलली.

"भिंत कोरडी."

टाळ्या पडल्या. ती पिल्लांना दूध पाजायला घरी गेली.

आठ दिवसांनी हस्ताचा पाऊस आला. नऊ भिंतींवर आपटला आणि उतरून ओढ्याला मिळाला. शेवंतीची पिल्लं आत एकमेकांच्या शेपट्या चावत होती. जंगलात आता त्या सालीला 'भाऊसाहेबी साल' म्हणतात.

या सगळ्यात भाऊसाहेबांचं नुकसान झालं ते असं. सत्काराच्या दिवशी त्यांना दुपारची झोप मिळाली नाही.

तात्पर्य : वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय कुठल्याही कामाला हात लावू नये. आणि विचारायला जाताना ते घरी नाहीत, याची आधी नीट खात्री करून घ्यावी.